लादी सुटेपर्यंत

माझ्या भावोजींकडे विनोद एकच होता आणि तो त्यांनी जन्मभर पुरवून पुरवून वापरला. बर्फाच्या कारखान्यातून घरी यायचं, चपला दाराबाहेरच काढायच्या, पावलांचा आवाज न करता आत शिरायचं आणि जो कोणी पाठमोरा बसला असेल त्याच्या मानेवर हात ठेवायचा. दिवसभर बर्फात राबलेला तो हात म्हणजे शिक्षाच. माणूस किंचाळत उठायचा, भावोजी पोट धरून हसायचे. एकदा त्यांनी घाईघाईत घरी आलेल्या विमा एजंटच्या मानेवर हात ठेवला. तो पुन्हा फिरकला नाही, त्यामुळे विनोद अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळा किंचाळली ती अर्थातच ताई, म्हणजे माझी मोठी बहीण आणि त्यांची बायको. आधी किंचाळायची आणि मग म्हणायची, 'आले वाटतं.' इतकी वर्षं झाली तरी दर वेळी अगदी नव्यानं. मी तिला म्हणायचे, अगं, आता तरी सवय कर. ती म्हणायची, सवय कधीच झालीये, पण मी ओरडले नाही तर त्यांना जेवण जात नाही.

कारखान्यात त्यांना सगळे थंडोबा म्हणायचे. हे नाव हातांमुळे पडलं असं त्यांचं म्हणणं आणि स्वभावामुळे पडलं असं ताईचं. दोन्ही खरं असावं. माणूसभर उंचीचे पत्र्याचे डबे, त्यांत साधं पाणी, ते डबे बुडवलेले एका लांबलचक टाकीत, आणि त्या टाकीत मिठाचं पाणी, जे स्वतः गोठत नाही पण दुसऱ्याला गोठवतं. डब्यातल्या पाण्याची लादी झाली की साखळीनं डबा वर ओढायचा. हे सगळं भावोजी उघड्या हातांनी करायचे. मालकानं हातमोजे दिले होते, ते त्यांनी ताईला दिले. ताई ते घालून गॅसवरचं भांडं उतरवायची.

नव्या कामगाराची परीक्षा मात्र ते एकाच गोष्टीत घ्यायचे. लादी डब्याला घट्ट धरून बसते. नवा माणूस हातोडा घेऊन डबा बडवायला लागतो, लादी तडकते आणि भावोजी त्याला शिव्या घालतात. मग ते डबा साध्या पाण्याच्या हौदात बुडवायचे आणि बिडी पेटवायचे. बिडी संपेपर्यंत लादी आपोआप कडा सोडायची आणि डबा कलता केला की सुळकन बाहेर यायची. घाई करशील तर तुकडे विकशील, असं ते म्हणायचे. या एका वाक्यावर त्यांनी कारखान्यात नोकरी काढली, आणि घरात जो उशीर केला त्याचं समर्थनही याच वाक्यावर केलं. वेळेवर घरी आल्याची नोंद त्यांच्या नावावर नाही.

मग त्यांचे डोळे पिवळे झाले. कारखान्यातल्या दिव्याचा उजेडच तसा आहे, असं त्यांनी सांगून बघितलं. ताईनं त्यांना खिडकीशी उभं केलं आणि सरळ डॉक्टरकडे नेलं. तिथून पुढच्या डॉक्टरकडे, तिथून मोठ्या रुग्णालयात. पित्ताची वाट तुंबली होती, ती आधी एक नळी घालून मोकळी केली. मग सर्जननं आम्हा तिघांना समोर बसवलं आणि सांगितलं की स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे.

स्वादुपिंड नावाचा अवयव आपल्या पोटात आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग भावोजी म्हणाले, 'म्हणजे माझ्या स्वादुपिंडाला डोकं आहे?'

'घरात कुणाला तरी असायलाच हवं होतं,' ताई म्हणाली आणि रडायला लागली.

ऑपरेशन लगेच करणार नाही, असं सर्जन म्हणाला तेव्हा ताईचं रडणं थांबलं आणि भांडण सुरू झालं. दात किडला तर उपटतात, मग हे का ठेवायचं? सर्जननं कागदावर चित्र काढलं. गाठ एका मोठ्या शिरेला चिकटून बसली होती. आत्ता ओढून काढायला गेलं तर शीर फाटेल, नाहीतर गाठीचा तुकडा मागे राहील आणि पुन्हा वाढेल. आधी काही महिने औषधं द्यायची, गाठीची पकड ढिली होते का बघायचं, आणि झाली तरच कापायचं. ताईला हे मुळीच पटेना. भावोजी मात्र मान डोलवत होते.

'डबा हौदात बुडवायचा,' ते म्हणाले. 'हातोडा नाही.' मग त्यांनी सर्जनला लादी कशी सुटते ते साग्रसंगीत समजावून दिलं. अगदी तसं नाही, पण चालेल, असं सर्जन म्हणाला. बाहेर आठ-दहा माणसं खोळंबली होती.

रुग्णालयात त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण सुई दिसली की ताई आडवी होते आणि मग दोन पेशंट सांभाळावे लागतात. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा हा माझा धंदा. या धंद्यानं माझी जीभ आणि उजवा पाय दोन्ही चांगले तयार झालेत. गाडी एकच, तीच शाळेची. दोन्ही बाजूंना 'शिकाऊ' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली, आणि पुढे दोघांच्याही पायांशी ब्रेक असलेली. भावोजी माझ्या जागी बसायचे आणि मी शिकाऊच्या. रस्त्यावर लोक माझ्याकडे दयेनं बघायचे.

औषधाची खोली म्हणजे आरामखुर्च्यांची रांग. गळ्याखाली कातडीच्या आत एक डबी बसवलेली, तिच्यात सुई खोचायची आणि बाटल्या एकामागून एक सोडायच्या. दिवस त्यातच संपायचा, वर एक छोटा पंप कमरेच्या पिशवीत घालून घरी पाठवायचे. तो दोन दिवस आपला गुपचूप औषध ढकलत राहायचा. भावोजी त्याला जावई म्हणायचे. खायचं काही नाही, जायचं नाव नाही.

पहिल्याच दिवशी नर्सनं नियम सांगितले. या औषधांतल्या एकामुळे थंडी सोसत नाही. गार पाणी प्यायचं नाही, फ्रीज उघडायचा नाही, गार वस्तूला हात लावायचा नाही, आणि बर्फाच्या तर जवळपासही जायचं नाही. भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुम्ही काम काय करता, असं नर्सनं विचारलं. मी हसायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाटल्या बघायला लागले.

एकदा त्यांनी ऐकलं नाही, नुसता चेहरा दाखवून येतो म्हणून कारखान्यात गेले. टाकीच्या खोलीचं दार उघडलं, एक श्वास घेतला आणि गळा आवळल्यासारखं होऊन तिथंच भिंतीला टेकले. कामगारांनी त्यांना बाहेर उन्हात बसवलं आणि गरम पाणी पाजलं. ज्या हवेत उभं आयुष्य काढलं तिनंच धक्के मारून हाकललं, याचं त्यांना फार लागलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले की कारखान्यातल्या पोरांना डबा नीट बुडवता येत नाही.

त्यानंतर ताईनं त्यांना लोकरीत गुंडाळलं. मोजे, हातमोजे, कानटोपी, सगळं भर उन्हाळ्यात. तोंडाची चव गेली होती, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, जे बाहेर पडायचं ते पाण्यावर तरंगायचं आणि त्याचं वर्णन आम्हाला सकाळच्या चहाबरोबर ऐकावं लागायचं. अन्न पचावं म्हणून जेवताना कॅप्सूल घ्यायची असायची, ती ते विसरायचे आणि ताई घास अडवून धरायची. वजन घटलं तर ऑपरेशन नाही, असं औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ताईनं ते इतकं मनावर घेतलं की तिचंच वजन वाढलं.

या डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायच्या. हातापायांना मुंग्या येतात का, बधिर होतात का, काही नवीन त्रास? आणि भावोजी प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे, छे, नेहमीसारखंच आहे. बाई खूश होऊन पुढची बाटली लिहायच्या. मीही खूश व्हायचे. पेशंट गुणी निघाला असं मला वाटत होतं.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी मी ताईकडे गेले होते. ताई खिडकीशी पाठमोरी बसून शेंगा सोलत होती. भावोजी हातमोजे काढून पाय न वाजवता तिच्या मागे आले. मला बरं वाटलं, म्हटलं, आला माणूस रुळावर. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. ताई शेंगा सोलतच राहिली, कारण तो हात गरम होता. लोकरीतून निघालेला, महिनोन्‌महिने बर्फाला न शिवलेला, कुठल्याही कारकुनाचा असावा तसा ऊबदार हात. ताईनं मान वळवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि भावोजी विचारत होते, 'काय गं, गार लागला नाही?'

ते असं का विचारतायत हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. वाटलं, चेष्टाच आहे.

शिरलं ते पुढच्या खेपेला, पंप काढून घरी परतताना. गाडी पुढे जाईना. वेग देतेय तरी कुणीतरी मागून धरल्यासारखी रखडत होती आणि जळका वास येत होता. मेकॅनिकनं नुकतेच ब्रेक बदलले होते. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चौकापर्यंत आले आणि तिथं गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले. सवयीनं माझी नजर शेजाऱ्याच्या पायांकडे गेली. भावोजींचा पाय ब्रेकवर होता, अगदी आरामात, सगळा भार टाकून.

'भावोजी, ब्रेकवरचा पाय काढा.'

'माझा पाय ब्रेकवर नाही.'

'खाली बघा.'

त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग हातानं मांडी धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला.

मी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, कधीपासून? पायाचं आत्ताच कळतंय, म्हणाले, बोटांचं पहिल्यापासूनच आहे. मग डॉक्टरीणबाईंना इतक्यांदा नाही का म्हणालात? यावर त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्यानं पाहिलं. त्या विचारतात काही नवीन आहे का, आणि बोटं बधिर होणं हे नवीन कधीपासून झालं? कामावर गेलं की बोटं जायची, घरी येऊन जेवायला बसेपर्यंत परत यायची. बर्फवाल्याची बोटं जागेवर असतील तर तो कामचुकार समजायचा. यांना काय सांगायचं त्यात?

मी हसले, पण ते नुसतं वरवरचं होतं. मला भीती वाटली होती. मला भीती वाटली की मी खेकसते.

'आजच सांगणार मी त्यांना,' मी म्हणाले.

'सांगू नकोस,' भावोजी हळू आवाजात म्हणाले. थट्टेशिवायचा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. 'औषध बंद करतील. लादी अर्धी सुटलेली असताना डबा हौदातून काढला तर ती पुन्हा धरते. मला पाय नकोत, बोटं नकोत. त्या गाठीनं तेवढी शीर सोडायला हवी.'

'माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक गाढव हेच म्हणतो, ब्रेक नको, वेग जातो.'

तरी मी सांगितलंच. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले, बोटाच्या टोकाला टाचणी टोचली आणि विचारलं, कळलं का? काय कळलं, भावोजींनी विचारलं. बाईंची खुशी तिथंच संपली. त्यांनी आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं. चार औषधांतलं एकच नसांवर उठतं, ते आता बंद, बाकीची चालू राहतील. त्या औषधानं आपलं काम बरंच केलं असावं. गेलेल्या नसा पूर्ण परत येतील अशी खात्री नाही. आणि एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर माणसाला उठून चालायचं असतं, त्याला पाय लागतात. सगळं पटण्यासारखं होतं. 'असावं' या शब्दावर मात्र भावोजी अडून बसले.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनात. गाडीत मागच्या सीटवर बसायला लागले, ब्रेकपासून लांब, थोर पाहुण्यासारखे. त्यांना काही सांगायचं असलं की ताईला फोन करायचे आणि ताई मला फोन करायची, आणि मी पुढच्याच सीटवर असायचे. माझीही झोप उडाली होती. गाठ सुटली नाही तर त्याला कारण गाठ असेल की मी, हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं.

औषधं संपली, नवा स्कॅन झाला. सर्जननं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि आम्हाला दोन्ही सारखेच दिसले. रक्तातला आकडा चांगला उतरला होता, दुसरीकडे कुठं पसरलेलं दिसत नव्हतं, पण गाठ शिरेपाशीच होती. तो म्हणाला, औषधानंतर जिवंत गाठ कुठली आणि मेलेल्याचा वण कुठला हे फोटोत नीट कळत नाही. पोट उघडून हात लावल्यावरच कळेल. सुटत असेल तर काढेन आणि मग अख्खा दिवस जाईल. सुटत नसेल, किंवा आत काही वेगळं दिसलं, तर तसंच शिवून लवकर बाहेर येईन.

'ऐकलंस ना,' भावोजी ताईला म्हणाले. 'मी लवकर आलो तर खूश होऊ नकोस.'

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना हिरवा अंगरखा घातला. मागून उघडा असतो तो. आयुष्यभर लोकांच्या माना गाठल्या, आता माझी पाठ उघडी, असं ते नर्सला म्हणाले. ढकलगाडी दारापाशी आली तेव्हा त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच थेट बोलले.

'मेहुणीबाई, सुटली नाही तर दोष तुझा. सुटली तर श्रेय माझं.'

'कबूल,' मी म्हणाले. दार बंद झाल्यावर मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

नवरा उशिरा येतो म्हणून जन्मभर दाराशी करवादत बसलेली माझी बहीण त्या दिवशी एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याला उशीर व्हावा म्हणून वाट पाहत होती. दार उघडलं की आम्ही दोघी एकमेकींचे हात करकचून धरायचो. एकदा अगदी सकाळीच हिरव्या कपड्यातला एक माणूस आला आणि थेट आमच्यासमोर उभा राहिला. ताईच्या तोंडाचा रंग उडाला. वाटेतली ती पिशवी कुणाची आहे, असं त्यानं विचारलं. पिशवी आमचीच होती. मी ती उचलली आणि त्याला जन्मात कुणी ऐकवलं नसेल असं ऐकवलं, तो बिचारा माफी मागून गेला.

दुपार झाली. शेजारचं कुटुंब गेलं, दुसरं आलं, तेही गेलं. मी चहा आणला, तो गार झाला. ताई मध्येच पुटपुटायची, 'असू द्या, होऊ द्या सावकाश.' ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं आणि दिसेनासं झालं. दिवे लागले तरी कुणी आलं नव्हतं, आणि ताईचा चेहरा मी त्या दिवसभरात पहिल्यांदा जरा सैल झालेला पाहिला.

सर्जन आला तेव्हा त्याला धड उभं राहवत नव्हतं. 'चिकटून होती,' तो म्हणाला. 'पण सुटली. एका ठिकाणी शिरेचा बारीकसा तुकडा घ्यावा लागला, तिथं जोडून घेतलंय.' पुढे तपासणीचा अहवाल यायचाय, आणखी औषधं लागतील, पहिले काही दिवस जपायचे आहेत, असं बरंच काही त्यानं सांगितलं. ते मी ऐकलं आणि लक्षातही ठेवलं, कारण ताई 'सुटली' या शब्दापुढे काही ऐकतच नव्हती.

अतिदक्षता विभागात एकीनंच जायचं होतं. आम्ही दोघी गेलो. भावोजी नळ्यांच्या जाळ्यात पडले होते, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे. ताईनं चादरीवरचा त्यांचा हात हातात घेतला आणि ती थबकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही हात लावून पाहिला. दिवसभर ऑपरेशनच्या थंडगार खोलीत पडून आलेला तो हात गार पडला होता, पूर्वी कारखान्यातून यायचा तसा.

त्यांना स्वतःला ते कळणार नव्हतं. बोटं बधिर होती, कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

ताईनं त्यांच्याकडे पाठ केली, पलंगाच्या कडेला टेकली, वेणी पुढे घेतली, त्यांचा हात उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला आणि किंचाळली. घरी किंचाळायची अगदी तशीच. भावोजींचे डोळे उघडले नाहीत, पण ओठांचा एक कोपरा हलला. तो मी ओळखला.

नर्स धावत आली. काय झालं म्हणून तिनं आधी पेशंटकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग रागानं माझ्याकडे, कारण तिथं मी दिसायलाच नको होते.

'काही नाही हो,' ताई म्हणाली. तिनं मानेवरचा हात तसाच दाबून धरला होता. 'आले वाटतं.'